एक काउंटर, दोन रांगा

"केतकीला आत बसवू या. माणसांपासून सुटका तरी होईल बिचारीची."

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, पण माझ्या कानांसाठी नव्हतं. मी जुन्या मासिकांच्या रॅकमागे उकिडवी बसून खालच्या फळीवरचा एक अंक शोधत होते आणि रॅकच्या पलीकडे आमच्या ग्रंथपाल देवधर मॅडम लिनेटशी बोलत होत्या. लिनेट म्हणाली, "हो मॅडम, खूश होईल ती. कोणाशी बोलायची वेळ आली ना, की तिचा चेहरा बघवत नाही मला."

उठावं तर दोघींना दिसेन, न उठावं तर पायाला मुंग्या आलेल्या. मी बसून राहिले. त्या गेल्यावर रॅक धरून उभी राहिले, तेव्हा हातात भलत्याच वर्षाचा अंक होता.

लायब्ररीत काम करणाऱ्यांकडे किस्से साठतात ते परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीसारखे. कोण कधी काय ठेवून गेलं ते दिसत नाही. दुपार कलली की बघावं तर ट्रॉली ओसंडतेय, आणि ते सगळं उचलून जागच्या जागी लावणं कोणाला तरी भाग असतं. या सत्रात आमची ट्रॉली जरा जास्तच भरली, कारण या सत्रात आमची दोन काउंटरं एक झाली.

आधी नीट सांगते. आमचं कॉलेज अंधेरीला. लायब्ररीत खाली दाराशी इश्यू काउंटर होतं. पुस्तकं द्यायची, घ्यायची, कार्डं बघायची. तिथे लिनेट. लिनेट मढची, रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरते आणि उतरल्यापासून बोलायला लागते. वरच्या माळ्यावर रेफरन्सचं टेबल, तिथे मी. माझ्याकडे शब्दकोश, नकाशे, जुने अहवाल, आणि आपल्याला नेमकं काय हवंय हे ज्यांना माहीत नाही अशी माणसं.

मॅनेजमेंटला वाटलं, मुलांनी वर-खाली कशाला करायचं? दोन्ही टेबलं एक करा. पहिलं सत्र दोघींनी एकत्र बसून बघायचं. मग एकीने काउंटर सांभाळायचं आणि दुसरीने आतल्या खोलीत बसून नव्या पुस्तकांना शिक्के, बारकोड आणि कव्हरं. कोण बाहेर आणि कोण आत, ते दिवाळीच्या सुट्टीआधी ठरणार होतं. म्हणजे तसं आम्हाला सांगितलं होतं. ठरलेलं मात्र मी दुसऱ्याच आठवड्यात रॅकमागे बसून ऐकलं.

मला आत जायचं नव्हतं. का, ते कोणी विचारलं असतं तर चटकन सांगता आलं नसतं. पण कोणी विचारलंच नाही.

आणि अजून एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी लिनेटवर जळते. त्यातून ती चांगली आहे. वाईट माणसावर जळण्यात निदान थोडी प्रतिष्ठा असते.

*

नवं काउंटर अर्धगोल होतं, पांढऱ्या सनमायकाचं, त्यावर दोन कॉम्प्युटर. आमचे सावंतकाका, म्हणजे लायब्ररीचे सगळ्यात जुने शिपाई, त्यांनी नारळ फोडला. लिनेटने घरच्या अबोलीचा गजरा आणून कॉम्प्युटरवर चढवला. माझ्या कॉम्प्युटरवरसुद्धा. मी काही आणलं नव्हतं.

दार उघडलं. माझी खुर्ची दाराच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्याला आधी मीच दिसणार. पहिला मुलगा आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मनातल्या मनात काही तरी हिशेब केला, आणि माझ्यासमोरून जाऊन लिनेटसमोर उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा. मग तिघी मैत्रिणी. थोड्या वेळाने लिनेटची रांग दारापर्यंत आली, म्हणजे माझ्या समोरूनच वळसा घालून गेली. मी रांगेतल्या प्रत्येकाची फक्त एक बाजू बघत बसले होते.

शेवटी लिनेटलाच दया आली. ती उभी राहून म्हणाली, "अरे, इकडे पण या ना कोणी. केतकी मॅडम चावत नाहीत."

मनापासून म्हणाली. पण त्यानंतर आठवडाभर जो कोणी माझ्याकडे यायचा, तो शेजाऱ्यांचा कुत्रा बांधलेला आहे ना, अशा नजरेने बघत यायचा.

*

काउंटरला नाव काय द्यायचं यावर मीटिंग झाली. देवधर मॅडमना "एक खिडकी" हवं होतं. सावंतकाका म्हणाले, "रेशन ऑफिसात आसता तसला." मग कोणी "मदत केंद्र" म्हणालं. काका म्हणाले, "पूर इलो की काय?" काकांना मीटिंगला बोलावलंच नव्हतं, ते चहा द्यायला आले होते. पण एकेक नाव हाणून पाडायचं काम त्यांनीच केलं. मी एक नाव सुचवलं होतं, "विचारा". ते बहुतेक कोणाला ऐकूच गेलं नाही. शेवटी "हेल्प डेस्क" ठरलं आणि निळ्या अक्षरांचा छान बोर्ड वर टांगला.

पंधरा दिवसांत कॉलेजमध्ये कोणी कोणाला सांगताना ऐकलं तर काय, "लिनेट मॅडमच्या इथे विचार." झेरॉक्सवाला म्हणायचा, "लिनेट मॅडमच्या काउंटरला." प्रिन्सिपॉलांच्या ऑफिसमधून फोन यायचा, तोही, "लिनेटचं टेबल ना?"

हे मी सहन केलं. पण एकदा जिन्यात एका नव्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, बुक रिटर्न कुठे करायचं?" आणि मी बोट दाखवून सांगितलं, "ते काय, लिनेट मॅडमच्या इथे."

*

रेफरन्सच्या माणसाला एक सवय लागते. समोरच्याचा पहिला प्रश्न खरा धरायचा नाही. मुलगा म्हणतो, "मुंबईवर पुस्तक आहे का?" त्याला खरं तर गिरण्यांच्या संपावर चार पानं हवी असतात. म्हणून आपण विचारत जायचं: कशासाठी हवंय, कोणत्या वर्षाला आहेस, मराठीत चालेल का? असं दोन-चार प्रश्नांनी माणूस हळूहळू मुद्द्यावर येतो. माझं सगळं कौशल्य ते एवढंच, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

एकत्र बसायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एक मुलगा हातात समुद्रकिनाऱ्यांवरचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. लिनेटची रांग मोठी होती म्हणूनच आला असणार. "मॅडम, हे..." एवढं म्हणाला.

मी म्हटलं, "बस. कोणत्या वर्षाला आहेस?"

"एफवाय."

"प्रोजेक्ट आहे की परीक्षेसाठी?"

"प्रोजेक्ट होता."

"फक्त किनारे, की खारफुटीपण?"

तो विचारात पडला. "खारफुटी... असेल."

मी वरून दोन जाड ग्रंथ आणले, नकाशा उलगडला, कुठली पानं बघायची तिथे चिठ्ठ्या घातल्या. तो सगळ्याला मान हलवत होता. मला वाटलं, आज काही तरी झालं. तेवढ्यात लिनेटची रांग संपली. तो उठून तिच्याकडे गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हे फक्त परत करायचं होतं."

*

चूक लिनेटनेही केली. माझ्यापेक्षा मोठी केली, आणि ती होताना मी डोळ्यांनी बघितली.

रेफरन्सचे ग्रंथ घरी द्यायचे नसतात. हा आमच्याकडे नियम नाही, धर्म आहे. इतिहासाचे एक ज्येष्ठ सर आहेत, ते वर्षानुवर्षं माझ्या टेबलाशी बसून कोकणातल्या बंदरांच्या एका ग्रंथातून उतरवून घेतात. त्यांनी तो ग्रंथ काउंटरवर ठेवला, चष्मा शोधायला. लिनेटचा हात इश्यू काउंटरवर घडलेला, समोर पुस्तक दिसलं की हात आपोआप चालतो. टुक करून स्कॅनर वाजला, "झालं सर, घ्या," असं म्हणून तिने पुढच्याला बोलावलंही. सर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ग्रंथ छातीशी धरला आणि जवळजवळ पळत बाहेर पडले. त्यांना तसं चालताना कोणी बघितलं नव्हतं.

खोटं कशाला सांगू, मला आतून गुदगुल्या झाल्या. देवधर मॅडमना कळलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं. मी पाणी आणून दिलं. अगदी आनंदाने आणून दिलं.

दोन दिवसांनी सर ग्रंथ घेऊन परत आले. ब्राऊन पेपरचं कव्हर घालून आणला होता. सोबत चिक्कीचा डबा. लिनेटला म्हणाले, "इतकी वर्षं इथे येतोय. या लायब्ररीत मला पहिल्यांदा कोणी तरी हो म्हणालं."

मॅडम मला म्हणाल्या, "बघ केतकी, माणसं अशी जोडायची असतात."

चिक्की चांगली होती. मी एकच वडी घेतली.

*

लिनेटला कुठलं पुस्तक कुठे आहे ते माहीत नसतं. कधीच नव्हतं, तिला गरजच पडली नव्हती. मला बहुतेक पाठ असतं. म्हणून आमची आपोआप एक पद्धत बसली. मुलगी लिनेटला विचारणार. लिनेट खुर्ची अर्धी वळवून हळूच म्हणणार, "केतकी, पाणी, पाणी, ते पाणीवाटपाचं?" मी स्क्रीनकडे बघतच पुटपुटणार, "वर, उजवीकडे, खिडकीजवळची मांडणी." मग लिनेट हसून मोठ्याने म्हणणार, "वर जा बाळा, उजवीकडे, खिडकीजवळ." आणि मुलगी म्हणणार, "थँक यू लिनेट मॅडम."

एक दिवस ठरवलं, आज मी पुटपुटणार नाही. आज सरळ मुलीलाच सांगणार. मुलगी आली, लिनेटला विचारलं, लिनेट वळली, आणि मी मुलीच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं.

पण माझ्या आवाजाला मोठं व्हायची सवय नाही. किती मोठं व्हायचं हे त्याला कळलं नाही. "वरती डावीकडे" हे दोन शब्द रीडिंग रूमच्या पार शेवटच्या भिंतीपर्यंत गेले. पन्नासेक मुलांनी माना वर केल्या. सावंतकाका हातातला झाडू घेऊन धावत आले. "काय झाला गो? कोण पडला?"

मुलगी म्हणाली, "सॉरी मॅडम." आणि पुस्तक न घेताच गेली.

*

अमेय, माझा नवरा, सांताक्रूझला एका ऑफिसात आहे. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एका शनिवारी तो मला घ्यायला आला, सिनेमाला जायचं होतं. मी वर ग्रंथ लावत होते. खाली आले तर काउंटरशी तो आणि लिनेट हसत उभे. सगळ्यांसारखाच, तो तिच्या बाजूला उभा होता. माझा नवरासुद्धा तिच्याच रांगेत.

"काय गं," लिनेट मला म्हणाली, "याला चहात आलं आवडत नाही आणि तू रोज घालतेस?"

मी अमेयकडे बघितलं. तो काउंटरवरचा स्टॅम्प उलटसुलट करून बघायला लागला.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"आणि तिने विचारलं?"

"तिने म्हणजे... चहा घेणार का म्हणाली. मी म्हटलं आलं नसेल तर."

इतके महिने मी आलं किसत होते. माझी आई घालते म्हणून घालत होते, आणि तो त्याच्या आईसमोर मी वाईट दिसू नये म्हणून पीत होता. दिवसभर मी परक्या मुलांना खोदून खोदून विचारते, मराठीत चालेल का, खारफुटी हवी का. घरच्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी उभं राहून विचारलं, "चहा कसा हवा? कडक की दुधाळ? साखर आधी घातलेली चालते की वरून? वेलची?"

अमेय पेपर खाली ठेवून म्हणाला, "हे प्रोजेक्टसाठी आहे का?"

*

लिनेट चार दिवस रजेवर गेली. मढला तिच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. जाताना म्हणाली, "सांभाळशील ना? काही लागलं तर फोन कर हां, बिनधास्त." मॅडमही दोनदा येऊन विचारून गेल्या, "जमेल ना?" जणू मला वाघाच्या पिंजऱ्यात ठेवून चालल्या होत्या.

मला तर सण वाटत होता. सकाळी मी अर्धगोलाच्या बरोबर मध्ये खुर्ची ओढली.

पहिल्या दिवशी मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "लिनेट मॅडम कुठे?" मी सांगायचे, "रजेवर." मग ते विचारायचे, "कधी येणार?" तरी मजा येत होती. कोणी येत होतं, माझ्याकडे बघून बोलत होतं. दुपारपर्यंत माझा आवाज कुठे बसवायचा ते मला कळलं होतं. ना पुटपुट, ना आरोळी.

तिसऱ्या दिवशी सायली नावाची मुलगी आली. बराच वेळ नोटीस बोर्ड वाचत उभी होती, मग कोणी नाही बघून पुढे आली. "मॅडम, होम सायन्सचं काही असतं का आपल्याकडे?"

आमच्याकडे होम सायन्स नाही. लिनेट असती तर "नाही गं बाळा" म्हणाली असती आणि तेही बरोबरच होतं. मी विचारलं, "कोणत्या वर्षाला आहेस?"

"एसवाय. कॉमर्स."

"प्रोजेक्ट?"

"नाही."

"मग कोणासाठी हवंय?"

ती नखाने सनमायका खरवडायला लागली. मी थांबले. थांबणं मला येतं, ते मला कोणी शिकवायची गरज नाही. थोड्या वेळाने तिने सांगितलं. आजीचं ऑपरेशन झालं म्हणून आई गावाला गेली होती. घरी ती आणि पप्पा. पप्पा रोज बाहेरून मागवू म्हणायचे, मागवायचे, आणि अर्धं टाकून उठायचे. आज बाजारात बांगडे दिसले म्हणून तिने घेतले होते. आता ते फ्रीजमध्ये होते आणि त्यांचं काय करतात ते तिला येत नव्हतं. आईला विचारलं तर आई तिकडे रडत बसेल. इंटरनेटवर बघितलं, तर तिथे प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

माझी पंचाईत झाली. माझ्या माहेरी मुलुंडला आणि सासरी बोरीवलीला, दोन्हीकडे मासा फक्त काचेच्या पेटीत. आणि आमच्या अख्ख्या लायब्ररीत बांगडा सापडला असता तो प्राणिशास्त्रात.

मी लिनेटला फोन लावला. तिने उचलला तेव्हा मागे बँड वाजत होता. वऱ्हाडातल्या बायका वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं, आणायला निघाल्या होत्या. तिचं तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून ती ओरडत होती, आणि सायलीला ऐकू जावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकलेला. शांत लायब्ररीत बँड घुमला.

"आधी मीठ-हळद लावून ठेव म्हणावं! घरी मसाला कुठला आहे? मालवणी? चालेल! आणि एकदा उकळी आली की ढवळायचं नाही, सगळा चुरा होईल!"

सावंतकाका कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. "तिरफळा घाल म्हणान सांग तिका."

"काकांना सांग मध्ये बोलू नका!" पलीकडून लिनेट.

"तिरफळाशिवाय बांगडो? माका सांगतंस?"

देवधर मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, बँड ऐकला, माझ्या हातातला फोन बघितला आणि परत आत गेल्या. त्यांच्या पाठीवरून मला कळलं, आतल्या खोलीचं आता पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी सायली पळत आली. पप्पा दोनदा भात घेऊन जेवले होते. "मॅडम," ती म्हणाली, "लिनेट मॅडमना प्लीज थँक यू सांगा."

मी सांगितलं. पोचवणं हेच माझं काम.

पण हा किस्सा इथे संपत नाही. पुढच्या आठवड्यात लिनेट कामावर आली, तिची रांग पुन्हा दारापर्यंत गेली. सायली आत आली. रांगेकडे तिने बघितलंही नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आता पापलेट."

लिनेट हातातलं काम सोडून म्हणाली, "अगं, मासे मला विचार ना. हिला काय कळतंय."

"माहितीये मॅडम. पण या आधी सगळं नीट विचारून घेतात."

म्हणून मी विचारलं. पापलेट केवढं, तळायचं की कालवण, आजी घरी आली का, तिला चालतं का. मग मी खुर्ची अर्धी वळवली. लिनेट स्क्रीनकडे बघत हळूच पुटपुटली, आणि मी ते मोठ्याने सांगितलं.

"थँक यू केतकी मॅडम," सायली म्हणाली. त्या दिवशी लिनेट चहाला माझ्याशी फारसं बोलली नाही. तो चहा मला फार आवडला.

*

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मुलं लवकर गेली होती. देवधर मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. त्या सहसा हसत नाहीत. "चल," त्या म्हणाल्या, "तुला काही तरी दाखवायचंय."

लिनेटने मागून येऊन माझे डोळे झाकले. तिच्या हातांना अबोलीचा आणि स्टॅम्पच्या शाईचा वास होता. मला चालवत नेलं आणि हात काढले.

आतली खोली. कोंदट म्हणून सगळे जिचं दार लावून ठेवायचे तीच, पण ओळखू येत नव्हती. सावंतकाकांनी स्वतः भिंतींना पांढरा रंग दिला होता आणि त्यांच्या टाचांवर अजून ठिपके होते. खिडकीला मढच्या घरून आणलेला लेसचा पडदा, लिनेटच्या आईने विणलेला. टेबलावर मनीप्लांट. बारकोडची रिळं रंगांप्रमाणे लावलेली. आणि मध्ये एक खुर्ची, उंच पाठीची, प्रिन्सिपॉलांच्या ऑफिसातून बदलून निघालेली. तिच्यावर लिनेटने नवी गादी शिवून घातली होती. माझा आवडता रंग, गडद हिरवा. तो तिला कोणी सांगितला असेल ते मी विचारलं नाही.

"बस ना," लिनेट म्हणाली. "आठ दिवस लपवतोय आम्ही तुझ्यापासून."

मी बसले. खरंच आरामशीर होती. पाठीला बरोबर जिथे आधार हवा तिथे आधार.

"हयसर तुका कोणाचो तरास नाय," काका म्हणाले.

"दाराला आतून कडीपण लावून घेतली," मॅडम म्हणाल्या. "तुला हवं तेव्हा बंद करून घे. कोणी येऊन काही विचारणार नाही. सुट्टी संपली की इथेच बस."

"आणि बाहेरचं काही टेन्शन घेऊ नको," लिनेट म्हणाली. "मी बघते बाहेरचं. मला अडलं ना, की पाच मिनिटं दारातून डोकावेन. तू नुसतं सांग, वर, उजवीकडे. बास." तिचे डोळे भरले होते. खरोखरच भरले होते, मी बघितलं. तिला मी आत जाणार याचं वाईट वाटत होतं आणि माझ्यासाठी आनंदही होत होता, दोन्ही एकदम, आणि ते दोन्ही तिला जमत होतं.

मग मी काही तरी बोलेन म्हणून तिघं थांबले. माझ्याकडून लांबलचक भाषण कोणी मागत नव्हतं. एक थँक यू पुटपुटलं असतं तरी चाललं असतं, पुढचं लिनेटने सगळ्यांना मोठ्याने सांगितलं असतं.

मी उठले. गादी सरळ केली. माझा आवाज कुठे बसवायचा ते मला माहीत होतं.

"खुर्ची छान आहे," मी म्हटलं. "काका, ही बाहेर काउंटरला नेऊन ठेवा."